धुराचा आणि वाढीचा काडीमोड झाला म्हणतात



तेंदूपानाचा हंगाम संपत आला होता. संकलन केंद्रावर शेवटचे पुडे मोजणं चालू होतं. त्या दिवसांत आमच्या भागात दोन गाड्या आल्या. पंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लावला, पाण्याच्या बाटल्या वाटल्या. पडद्यावर एक कारखाना दाखवला. चारी बाजूंनी झाडी, वर निळं आभाळ, आणि चिमणीतून धूर नाही. साहेबांनी सांगितलं, आता जुना जमाना राहिला नाही, आता ‘ग्रीन स्टील’चा जमाना आला. उद्योग वाढत जाईल, पण कोळशाचा-विजेचा वापर आणि धूर त्याच्या मागं-मागं वाढणार नाही. शास्त्रज्ञ लोक याला डिकपलिंग म्हणतात.

मागं बसलेल्या आजीनं विचारलं, “म्हणजे काय जी?”

“म्हणजे दोघं एकमेकांपासून सुटले. वाढ वेगळी, धूर वेगळा.”

“म्हणजे काडीमोड झाला म्हणा ना,” आजी म्हणाली आणि सगळा हॉल हसला. साहेबही हसले. पण आजीनं पुढं विचारलं, काडीमोड झाला तर मग पहाड काहून जास्त खोदून राहिले? त्याचं उत्तर काही मिळालं नाही. चहा आला आणि सभा संपली.

त्या रात्री आम्ही पाच-सहा पोरं-पोरी हिशेबाला बसलो. आमच्यात बारावीच्या पुढं गेलेलं कोणी नाही. दोघी सायन्सच्या आहेत, बाकी आर्ट्सचे. कागद, पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर एवढंच साहित्य. जे निघालं ते या अंकात मांडतो. कुणाला शंका आली तर गावात बसून पुन्हा करून पाहावं. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडं त्यात काही नाही.

आधी एका काकाची गोष्ट सांगतो. नाव लिहीत नाही, आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. काका पूर्वी दिवसाला १०० रुपये कमवायचा आणि ५० रुपयांची दारू प्यायचा. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण तो विषय वेगळा. पुढं पोरगा कामाला लागला. घरात रोज ४०० रुपये यायला लागले. काका आता १२० रुपयांची पितो. महिला मंडळ जाब विचारायला गेलं तर काका म्हणतो, “मी तं दारू कमी केली. पूर्वी रुपयातले आठ आणे दारूत जात होते, आता तीस पैसेच जातात.” हिशेब बरोबर आहे. बारावीच्या पेपरात त्याला पूर्ण मार्क मिळतील. काकू मात्र आतून ओरडली, “पैसे काहून सांगता, बाटल्या मोजा ना!”

आता देशाचा हिशेब पाहा. २०१५ मध्ये पॅरिसच्या कराराआधी आपल्या सरकारनं जगाला वचन दिलं की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत आम्ही ३३ ते ३५ टक्के कार्बन कमी करू. पण हे ‘कमी’ एकूण कार्बनमधलं नाही. ते जीडीपीच्या दर रुपयामागचं आहे, काकाच्या तीस पैशांसारखं. २०२२ मध्ये तो आकडा ४५ टक्के केला. मग सरकारनं जाहीर केलं की २००५ ते २०१९ मध्येच ३३ टक्के साधलेसुद्धा. त्याच कागदात पुढं लिहिलं होतं की या काळात जीडीपी वर्षाला ७ टक्क्यांनी वाढला आणि कार्बन ‘फक्त’ ४ टक्क्यांनी. हा ‘फक्त’ आम्ही कॅल्क्युलेटरवर घातला. दरवर्षी ४ टक्के असं १४ वर्षं चाललं तर १०० चे १७३ होतात. म्हणजे ज्या काळात कार्बन ३३ टक्के कमी झाला म्हणून पाठ थोपटली, त्याच काळात एकूण धूर पावणेदोन पटीच्या जवळ गेला. दोन्ही आकडे खरे आहेत. एक काकाचा, एक काकूचा.

आभाळाला जीडीपी कळत नाही. किती धूर वर चढला तेवढंच त्याला कळतं. मोह कधी गळतो आणि कधी गळत नाही हे आता घरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा सांगता येत नाही. भामरागडला पर्लकोटेचं पाणी चढलं की गावं तुटतात. ते पाणी टक्केवारी पाहून चढत नाही.

एक गोष्ट इथंच लिहून ठेवतो, नाहीतर आम्ही परदेशी लोकांची बाजू घेतो असं कुणी म्हणेल. माणशी हिशेब केला तर भारताचा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. आभाळ आधी भरलं ते श्रीमंत देशांनी. आपल्या देशाला लोखंड, वीज, रस्ते लागतात, हेही खरं आहे. पण ‘माणशी’ म्हटलं की त्यात आम्हालाही धरतात. ज्या टोल्यावर दिवा तीन दिवस लागतो आणि चार दिवस जातो, तिथल्या माणसाचा आकडा मुंबईच्या वातानुकूलित इमारतीतल्या माणसाच्या आकड्यात मिसळून सरासरी काढतात आणि मग त्या सरासरीच्या नावावर पहाड मागतात. वर आमच्याच आयाबहिणींना येऊन शिकवतात, चुलीत लाकूड जाळू नका, हवामान बिघडतं.

आता लोखंडाकडं येतो. दगडातून लोखंड काढताना धूर का होतो हे समजलं नाही तर पुढचा हिशेब समजणार नाही.

सुरजागडच्या पहाडात जो लाल दगड आहे त्यात लोखंड एकटं नसतं, ऑक्सिजनला धरून बसलेलं असतं. त्यांना सोडवायचं तर ऑक्सिजनला दुसरं कुणीतरी जास्त आवडलं पाहिजे. तो दुसरा म्हणजे कोळशातला कार्बन. भट्टीत कार्बन ऑक्सिजनला ओढून घेतो, लोखंड मोकळं होतं आणि कार्बन-ऑक्सिजनची जोडी चिमणीतून वर जाते. म्हणजे इथं कोळसा नुसता आच देण्यासाठी नाही, सोडवण्यासाठीही लागतो. मध्य प्रदेशातले आगरिया, झारखंडचे असुर हे आपलेच भाऊबंद. तेही पिढ्यान्‌पिढ्या लाकडी कोळशावर लोखंड काढत. रसायन तेच, फरक मापाचा. ते फाळापुरतं, कुऱ्हाडीपुरतं काढायचे. मोठ्या भट्टीत एक टन पोलाद करायला सुमारे दीड टनाच्या आसपास दगड आणि पाऊण टनाहून जास्त कोळसा लागतो. आणि हा कोळसा आपल्या चंद्रपूर-वणीचा चालत नाही, बराचसा ऑस्ट्रेलियातून जहाजानं येतो.

भारतात एक टन पोलादामागं आज सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १२ डिसेंबर २०२४ ला केंद्राच्या पोलाद मंत्रालयानं ‘हरित पोलाद’ म्हणजे काय ते ठरवून दिलं. टनामागं २.२ टनापेक्षा कमी धूर असेल तर ते पोलाद हिरवं. २.० ते २.२ मध्ये असेल तर तीन तारे, १.६ ते २.० मध्ये चार तारे, १.६ च्या खाली पाच तारे. फ्रीजवर तारे असतात तसे. पडद्यावर आम्हाला दाखवलेला कारखाना बहुतेक पाच ताऱ्यांचा असावा.

या ताऱ्यांना आम्ही खोटं म्हणत नाही. अडीच टनावरून १.६ वर यायचं तर भट्ट्या बदलाव्या लागतात, वाया जाणारी उष्णता परत वापरावी लागते, भंगार जास्त वितळवावं लागतं. ज्यांनी ते केलं त्यांनी काम केलं. आमचं म्हणणं एवढंच, की तारा ‘दर टनामागं’ मिळतो. टन किती, हे तारा विचारत नाही.

म्हणून टन आम्ही विचारले. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीला २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टन दगड काढायची पर्यावरण मंजुरी मिळाली. स्टेन्सिलवर शून्यं नीट उमटत नाहीत म्हणून अक्षरात सांगतो: तीस लाखांवरून एक कोटी. सोपं जावं म्हणून एक टन पोलादाला १.६ टन दगड धरू. तीस लाख टन दगडाचं पोलाद झालं जवळपास पावणेएकोणीस लाख टन. त्याचा आजच्या, म्हणजे बिनताऱ्याच्या, अडीच टनाच्या हिशेबानं धूर सुमारे ४७ लाख टन. आता एक कोटी टन दगड घ्या. पोलाद झालं साडेबासष्ट लाख टन. त्या सगळ्याला पाच तारे लागले असं समजू, म्हणजे फार तर १.६ टन. धूर झाला १ कोटी टन.

४७ लाखांचा एक कोटी झाला. दुपटीपेक्षा जास्त, आणि तोही पाच ताऱ्यांचा! हा दगड कोणत्या भट्टीत जातो, त्या भट्टीला खरोखर किती तारे आहेत हे या हिशेबात नाही. आम्ही सगळ्यात चांगलं धरूनच चाललो. तो धूर इथून निघो की शंभर कोसांवरून, आभाळ एकच.

हाच हिशेब सगळ्या देशाचा करता येतो. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे १४.४ कोटी टन पोलाद झालं. गुणिले अडीच, म्हणजे ३६ कोटी टन धूर. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टनांची क्षमता आणि साडेपंचवीस कोटी टन उत्पादन धरलं आहे. ते सगळं तीन ताऱ्यांचं झालं तर ५६ कोटी टन. सगळंच्या सगळं पाच ताऱ्यांचं झालं तरी ४१ कोटींच्या आसपास. म्हणजे देशातली प्रत्येक भट्टी पहिल्या नंबरात पास झाली तरी आजच्यापेक्षा धूर जास्तच. काडी मोडली, पण दोघं एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर जेवतात.

कुणी म्हणेल, इंग्लंडनं तर करून दाखवलं. खरं आहे. त्यांचा देशातला धूर १९९० च्या तुलनेत निम्म्यावर आला. ३० सप्टेंबर २०२४ ला त्यांचा शेवटचा कोळशाचा वीज कारखाना बंद झाला. योगायोग पाहा, त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटची शेवटची लोखंडाची मोठी भट्टीही विझवली. विजेत त्यांनी खरोखर बदल केला, वारा वापरला, त्याबद्दल त्यांना मान द्यावा. पण भट्टी विझली म्हणून त्या लोकांनी गाड्या आणि पूल वापरणं सोडलं नाही. जे पोलाद बाहेरून येतं त्याचा धूर, जिथं भट्टी असेल त्या देशाच्या खात्यावर लिहितात. धुराचा काडीमोड झाला की तो कुणाच्या ओसरीवर येऊन बसतो, तेही पाहावं लागतं.

बचतीची आणखी एक गंमत आहे. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रजानं कोळशावर पुस्तक लिहिलं. त्याच्या लक्षात आलं की वाफेचं इंजिन सुधारलं, कमी कोळशात जास्त काम करायला लागलं, तर देशाचा कोळसा वाचायच्या ऐवजी जास्तच जळाला, कारण स्वस्त झालं म्हणून इंजिनं गावोगाव लागली. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडं मोटारसायकलचं अ‍ॅव्हरेज वाढलं तर आलापल्लीच्या फेऱ्या वाढल्या, पेट्रोलचा खर्च काही कमी झाला नाही. तसंच.

मग कोळसा सोडून लोखंड होतच नाही का? होतं. भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर धूर फार कमी. आणि दगडातला ऑक्सिजन काढायला कार्बनच्या जागी हायड्रोजन वापरता येतो, मग चिमणीतून धुराऐवजी वाफ निघते. स्वीडनमध्ये असं पोलाद २०२१ मध्ये तयार झालं. हे वाचून आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं. पण हायड्रोजन पाण्यातून काढायला वीज फार लागते. ती वीज कोळशाची असेल तर सगळं मुसळ केरात. ती वाऱ्याची, उन्हाची पाहिजे. आणि वारा-ऊन पकडायला जागा लागते. जागा म्हटलं की साहेब लोकांची बोटं नकाशावर कुठं जातात ते आपल्याला ठाऊक आहे.

स्वीडनच्या शेजारी नॉर्वे आहे. तिथले आदिवासी म्हणजे सामी लोक, रेनडिअर पाळणारे. फोसेन नावाच्या भागात त्यांच्या हिवाळी चराईच्या जागेवर १५१ पवनचक्क्या उभ्या केल्या. धूर नाही, कोळसा नाही, सगळं हिरवं. सामी लोक कोर्टात गेले. ११ ऑक्टोबर २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की या परवान्यांनी सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला. निकालानंतरही चक्क्या फिरतच राहिल्या. ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी पोरं-पोरी आपला पारंपरिक पोशाख घालून राजधानीतल्या ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसली. आमच्याच वयाची होती ती. पुढं वाटाघाटी झाल्या, करार झाले. आम्हाला त्यातलं एवढंच लक्षात राहिलं, की धूर गेला तरी जमिनीचा प्रश्न जात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकूनही मंत्रालयात जाऊन बसावं लागतं.

आता जो धूर उरतो त्याचं काय करतात ते सांगतो, कारण तो फिरून आपल्याच जंगलात येतो. उरलेला धूर झाडं लावून ‘फेडतात’. खाणीसाठी जंगल गेलं की दुसरीकडं झाडं लावायची, त्यासाठी २०१६ चा कॅम्पाचा कायदा आहे. २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम आले. पडीक किंवा विरळ जंगलात कंपनीनं पैसे भरून झाडं लावून घ्यायची, त्याबदल्यात क्रेडिट मिळवायचं. हे ‘विरळ जंगल’ म्हणजे काय, ते गावात विचारा. तिथं आमची गुरं चरतात. पावसाळ्यात तिथंच सात्या निघतात, चारोळी आणि मोह तिथलाच, वास्तेही जवळच. मोहाच्या झाडाखाली मोकळी जागा लागते, नाहीतर फुल वेचणार कसं? त्यांच्या नकाशात ती मोकळी जागा रिकामी दिसते. मग तार येते, खड्डे येतात, सागाच्या रोपांच्या रांगा येतात आणि पाटी लागते: आत जाण्यास मनाई. भट्टी पेटते शहरातल्या माणसाच्या गाडीसाठी, आणि मनाईची पाटी आमच्या मोहाखाली.

इथं आपल्या हातात काही आहे. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर आपल्या जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभांना मिळाला. आपल्या हद्दीतलं जंगल सांभाळायचा, त्याची व्यवस्था ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. त्या हद्दीत कुणाची फेडाफेडीची झाडं लावायची की नाही हे ग्रामसभा ठरवेल. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या पत्रात स्पष्ट होतं की वनहक्कांचं काम पुरं झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय जंगल दुसऱ्या कामाला देता येणार नाही. २०२२ च्या नियमांनी त्याचा क्रम उलटा केला. आधी केंद्राची मंजुरी, वनहक्काचं राज्यानं मागून पाहायचं. लग्न लावून झाल्यावर पोरीला विचारण्यासारखं. पण कायदा बदललेला नाही, नियम बदलले आहेत, हे लक्षात ठेवा. आणि ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये नाही म्हटलं तेव्हा तिथली बॉक्साइटची खाण थांबली, हेही.

आमच्यातलीच काही पोरं खाणीवर कामाला आहेत. ट्रकवर आहेत, गेटवर आहेत. हे त्यांच्याविरुद्ध लिहीत नाही. घरात महिन्याला बांधील पैसा येतो म्हणजे काय ते आम्हाला कळतं. त्यांच्यातल्याच एका भावानं आम्हाला सांगितलं, दिवसाला किती ट्रक सुटतात ते वहीत लिहायचं काम त्याच्याकडं आहे. ‘दर टनामागं’ असं त्या वहीत कुठं लिहिलेलं नाही. मालक स्वतःसाठी ट्रकच मोजतो. मग आम्हाला टक्के का दाखवतो?

म्हणून सगळ्या ग्रामसभांना विनंती आहे. यापुढं पडदा घेऊन कुणी आलं तर हसून पाणी पिऊन परत पाठवू नका. सभा रीतसर ग्रामसभा म्हणून घ्या, कोरम पाहा, आणि उत्तर लेखी मागा. किती टन दगड दरवर्षी निघणार, पहिल्या वर्षी किती आणि दहाव्या वर्षी किती. एकूण धूर किती, टनामागचा नको. कोळसा किती, वीज किती, पाणी कोणत्या नदीचं. वीज वाऱ्या-उन्हाची असेल तर ती कुणाच्या जमिनीवर उभी आहे. बदल्यात झाडं लावणार असाल तर कोणत्या कक्ष क्रमांकात, आणि तो कक्ष कोणत्या गावाच्या सामूहिक दाव्यात आहे. आणि सगळ्यात आधी आजीचा प्रश्न: काडीमोड झाला असेल तर पहाड जास्त का खोदता? तोंडी उत्तर चालणार नाही, सही-शिक्क्याचं पाहिजे. उत्तर दिलं नाही तर ‘उत्तर दिलं नाही’ असं ठरावात लिहा.

ठरावाच्या तीन प्रती काढा. एक ग्रामसभेच्या फाइलला लावा, दुसरी तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या, तिसरी आमच्याकडं पाठवा. पाऊस लागून रस्ते बंद व्हायच्या आत आली तर पुढच्या अंकात छापू.